गुरुवारची बैठक : गोंदिया जिल्ह्यातील खंजिरी भजनी मंडळांविषयी

गोंदिया जिल्ह्याची ओळख करून देताना आमगावजवळच्या पदमपूरचे नाव हमखास येते. संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे संशोधक वा. वि. मिराशींनी मांडले आणि आमगावच्या महाविद्यालयानेही भवभूतीचेच नाव घेतले. मग सालेकसा तालुक्यातले कचारगड येते, नवेगावबांधचे तळे आणि अरण्यलेखक मारुती चितमपल्ली येतात, मंडई या गावजत्रेच्या रात्रींचे नाटक येते. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ज्या संगीताने इथली गावे वर्षाचे बारा महिने एकत्र बसवली, त्याचा उल्लेख अशा लेखनात अर्ध्या ओळीत उरकतो. ते संगीत भजनी मंडळाचे, आणि त्यातही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या खंजिरी भजनाचे. या प्रस्तावनेचा विषय तोच आहे.

मंडळ म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण शहरात वाढलेल्या वाचकाला भजनी मंडळ म्हटले की देवळातल्या वयस्कांचा घोळका आठवतो. गावातले दहा-पंधरा जण. दिवसा कुणी बांधीत, कुणी धानगिरणीत, कुणी शाळेत शिकवायला, कुणी किराणा दुकानात. संध्याकाळी, बहुतेक ठिकाणी गुरुवारी, जेवणे आटोपली की समाजमंदिरात, प्रार्थना मंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाते. एक पेटी, एक तबला-डग्गा किंवा ढोलकी, टाळांच्या दोन-तीन जोड्या आणि खंजिऱ्या. वाद्ये मंडळाची असतात, वर्गणीतून घेतलेली. वाजवणाऱ्याला मानधन नसते, ऐकणाऱ्याला तिकीट नसते. पुष्कळदा ऐकणारा वेगळा नसतोच, कारण जो येऊन बसतो त्याच्या हाती टाळ दिला जातो.

मला या सगळ्यात एकच गोष्ट सांगायची आहे आणि पुढचे सगळे तिच्याभोवतीच येईल. मंडळाची किंमत त्याच्या कार्यक्रमावरून काढू नये, बैठकीवरून काढावी. सप्ताहातला रंगलेला कार्यक्रम, स्पर्धेतली ढाल, यूट्यूबवरचे चित्रण ही बैठकीची फळे आहेत. गाव ज्यावर उभे राहते ती गोष्ट म्हणजे दर आठवड्याला, पाऊस असो वा थंडी, तीच माणसे एकमेकांच्या शेजारी बसून एकाच ठेक्यात दोन तास गातात.

फुकट वाजवणारे सामान्य लोक आणि त्यांचे गावाशी असलेले नाते हा विषय जगात नवा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ॲलेनटाउन शहराचा बँड १८२८पासून वाजतो आहे. इंग्लंडच्या उत्तरेत लोकरीच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी वाढल्या तशी तिथल्या कामगारांनी पितळी वाद्ये हाती घेतली. यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरी गावात जॉन फॉस्टरच्या गिरणीच्या आश्रयाने १८५५मध्ये ब्लॅक डाइक मिल्स बँड उभा राहिला. वाजवणारे दिवसभर गिरणीत असत आणि सुटी झाल्यावर सरावाला येत. दारूविरुद्धच्या चळवळीने तर स्वतःचे बँड काढले. तरुणाची संध्याकाळ गुत्त्यावर जाऊ नये म्हणून त्याच्या हाती कॉर्नेट द्यायचे, हा त्यांचा सरळ हिशेब होता. तो हिशेब विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळ हीच खेड्यातली सर्वांत धोक्याची वेळ आणि तिला काहीतरी बरे काम दिले पाहिजे, हे तुकडोजी महाराजांनी अचूक ओळखले होते.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, चिमूरजवळची रामदिघी अशा रानावनांत हिंडणे झाले आणि त्या हिंडण्यातच भजने आली. १९३५मध्ये नागपूर–अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६मध्ये ते सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. ऑगस्ट १९४२मध्ये चिमूर आणि आष्टी पेटले तेव्हा सरकारने महाराजांच्या भजनांकडे बोट दाखवले आणि त्यांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ज्याच्या हातात खंजिरीखेरीज काही नव्हते, त्या माणसाला इंग्रज सरकार इतके घाबरले. सुटकेनंतर त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाची बांधणी हाती घेतली आणि गावोगावी शाखा निघू लागल्या. १९५५मध्ये ते जपानला विश्वधर्म व विश्वशांती परिषदेला गेले, तिथेही खंजिरी बरोबर होती. १९६२ आणि १९६५च्या युद्धांत ते सीमेवर जवानांपुढे गायले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला ते गेले.

हा चरित्रक्रम पुष्कळ ठिकाणी छापलेला आहे. भजनी मंडळाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते थोडे वेगळे आहे. महाराजांच्या आधीही या भागात भजन होते. वारकऱ्यांचे टाळ-मृदंगाचे भजन होते, छत्तीसगडकडून आलेले कबीरपंथी भजन होते, हिंदी बोलणाऱ्या वस्त्यांत रामचरितमानस म्हणणाऱ्या मंडळ्या होत्या. महाराजांनी या सगळ्याला धक्का न लावता भजनाचा विषय रुंद केला. देव, गुरू, वैराग्य हे राहिलेच. त्यांच्या शेजारी गावाची विहीर, शौचकूप, हुंडा, सावकारी, दारू, जातिभेद, श्रमदान येऊन बसले. १९५५च्या 'ग्रामगीते'त ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. तिथे भजनप्रभाव आणि ग्रामप्रार्थना हे विषय ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार यांच्याच पंगतीला आहेत. ग्रंथ अर्पण केला आहे तो ग्रामदेवतेला. भजन हे गाव चालवण्याचे साधन आहे, असे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी मांडल्याचे मला आठवत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनातही हाच विचार होता, पण बाबांचे कीर्तन बाबांबरोबर गावात यायचे आणि बाबांबरोबर निघून जायचे. तुकडोजी महाराजांनी मागे मंडळ ठेवले. ते गेल्यावरही गुरुवार चुकला नाही.

साधनाची निवडही तितक्याच विचाराची. खंजिरी म्हणजे वीतभर व्यासाचे लाकडी किंवा धातूचे कडे, एका बाजूला कातडे, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. पिशवीत मावते. किंमत शेतमजुराला झेपेल अशी. मृदंगावर हात बसायला वर्षे जातात. खंजिरीचा साधा ठेका थोड्या बैठकांत येतो आणि पुढे शिकायला आयुष्य पुरत नाही. गाणारा स्वतःच ती वाजवू शकतो, त्यामुळे लय त्याच्या शब्दांच्या ताब्यात राहते. जिथे शब्द ठासायचा तिथे थाप, जिथे अर्थ मुरू द्यायचा तिथे नुसत्या चकत्यांची किणकिण. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात, ते या वाद्याच्या आवाक्याचे दुसरे टोक. या जातीच्या वाद्यांना पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबले आणि नागझिरा अभयारण्याच्या कुशीतल्या गावांना हे मनापासून पटायला हवे. आता शेळीचे कातडे असते किंवा कृत्रिम पान. शेळीचे कातडे पावसाळ्यात सैल पडते, आवाज बसतो. मग भजनाआधी कुणीतरी चुलीपाशी खंजिरी धरून बसतो आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघतो. कृत्रिम पानाला ही कटकट नाही. मात्र त्याचा आवाज जरा कोरडा येतो, असे जुने वाजवणारे म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटते.

पेटीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. युरोपातून आलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारता येईल असे घडवले आणि मांडी घालून बसणाऱ्या देशाने ते आपले मानले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. त्या तीसेक वर्षांत रेडिओच्या स्टुडिओत पेटीला जागा नव्हती, पण खेड्यातली एकही बैठक तिच्यावाचून अडली नाही. पेटीवर श्रुती नेमक्या निघत नाहीत, हा वाद विद्वानांनी घालावा आणि तो खरा आहे. बैठकीला लागतो तो धरून ठेवणारा सूर, म्हणजे ज्याचा गळा कधी तयार झाला नाही त्यालाही मागे म्हणता येईल. मागे म्हणणे ही खंजिरी भजनाची निम्मी रचना आहे. पुढचा एक ओळ गातो, झिलकरी ती उचलतात, पुन्हा उचलतात. ज्याला वाचता येत नाही त्याला सहाव्या-सातव्या आवर्तनात ओळ पाठ होते. 'ग्रामगीता' वाचलेली माणसे प्रत्येक गावात मूठभर असतील. तिचा विचार गावभर पोहोचला तो या झिलीतून.

आता गोंदियाविषयी. हे भजन अमरावतीत जन्मले, मग या पूर्वेच्या टोकाला इतके का रुजले? भक्ती हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. मला दोन कारणे दिसतात.

पहिले भाषेचे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा भंडारा १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि त्याच्याही आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. उत्तरेला बालाघाट, पूर्वेला राजनांदगाव. एकाच गावात झाडीबोली, पोवारी, लोधी, गोंडी, छत्तीसगडी आणि बाजाराची हिंदी ऐकू येते. अशा गावात केवळ मराठी अभंगांवर चालणारे मंडळ अर्ध्या गावाला बाहेर ठेवते. महाराजांनी मराठीइतकीच मुबलक भजने हिंदीत लिहिली. त्यांची हिंदी तुळशीदासी वळणाची नाही, आठवडी बाजारात चालेल अशी सोपी आहे. मराठी भजनाला सुरुवात करून हिंदीवर संपणारी बैठक या जिल्ह्यात कुणाला वेगळी वाटत नाही. पोवारी बोलणारे आजोबा आणि मराठी शाळेत शिकणारा नातू एकाच झिलीत असतात. भाषावार प्रांतरचनेने जे सीमेवर तोडले, ते इथे सतरंजीवर जोडलेले राहिले आहे.

दुसरे कारण धानाचे. हा जिल्हा धानावर जगतो आणि धानाचे काम एकट्याने होत नाही. परे टाकण्यापासून रोवणीपर्यंत, बोडीतल्या किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या पाण्याची पाळी ठरवण्यापासून कापणीच्या भाऱ्यांपर्यंत सगळे मिळून करावे लागते. पाण्यावरून भांडण झाले तर दोघांचाही हंगाम जातो. एकत्र काम करणाऱ्या माणसांना एकत्र बसण्याची जागा लागते आणि ती जागा पंचायतीच्या खुर्च्यांपेक्षा भजनाच्या सतरंजीवर जास्त मोकळी मिळते. बैठक संपल्यावर चहा होतो, त्या चहावर किती बांधांचे वाद मिटले असतील याची नोंद कुठे होत नाही. रोवणीच्या दिवसांत मंडळे विस्कळीत होतात हे खरे. चिखलातून आलेला माणूस रात्री गाऊ शकत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामातही अनेक घरे पहाटेच जंगलात जातात. पण पोळा झाला की खंजिऱ्या उतरवल्या जातात. आश्विनात महाराजांची पुण्यतिथी, कार्तिकात काकड आरती, मग मंडई, सप्ताह, गोपालकाला. धानाचे आणि भजनाचे वेळापत्रक एकमेकांत मुरलेले आहे.

मंडईचा विषय निघालाच आहे तर नाटकाबद्दल बोलले पाहिजे. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या दंडार आणि खडी गंमत या प्रकारांतून, आणि पुढे रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकांतून, इथल्या गावांनी स्वतःची रंगभूमी घडवली. पूर्वी नाटक गावच बसवायचे. पेटीवाला आणि तबलजी गावच्या भजनातून उचललेला असायचा. नंतर वडसा हे नाट्यमंडळांचे केंद्र झाले, कलावंत व्यवसायाने नाटक करू लागले, आणि २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळी झाडीपट्टी आनंदली. नाटकाला बाजार मिळाला, त्यावर हजारो घरे चालतात, हे चांगलेच झाले. पण त्या वाटेने गावची हौशी मंडळे मात्र विरत गेली. भजनाला तिकीट लावता येत नाही, म्हणून ते हौशीच राहिले. ज्या गावात आज स्वतःचे नाटक बसत नाही, तिथेही स्वतःचे भजन आहे.

फुकट वाजवण्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गावगाड्यात डफडे आणि सनई वाजवण्याचे काम काही जातींवर लादलेले होते. लग्न असो, मिरवणूक असो, हाक आली की जावे लागे. मोबदला म्हणजे उष्टे किंवा मूठभर धान्य. ती वेठ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने माणसांना ते वाद्य खाली ठेवायला शिकवले आणि ते खाली ठेवणे हा स्वाभिमानाचा मोठा क्षण होता. बाबासाहेब १९५४ची लोकसभा पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे तिथे होती. पुढे विहारांत वंदना आणि भीमगीतांच्या बैठका सुरू झाल्या. तिथेही ढोलकी आहे, पेटी आहे, झील आहे आणि तीही मंडळे विनामोबदलाच चालतात. त्यांचा इतिहास स्वतंत्र आहे. तो गुरुदेव मंडळाच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून लिहू नये, त्याचे वेगळे पुस्तक झाले पाहिजे.

मी हे इथे आणले, कारण स्वेच्छेने वाजवणे याचा अर्थ त्याशिवाय कळत नाही. ज्याला नाही म्हणता येते, त्याचेच हो म्हणणे सेवा ठरते. तुकडोजी महाराजांच्या बैठकीत सगळ्या जातींनी एका सतरंजीवर बसावे, असा आग्रह होता. सामुदायिक प्रार्थनेत समोर मूर्ती नसते, रिकामे अधिष्ठान असते, म्हणजे कुणाचा देव पुढे आणि कुणाचा मागे हा प्रश्नच उठत नाही. प्रत्येक गावात हे पूर्णपणे पाळले गेले, असा दावा कुणी प्रामाणिक माणूस करणार नाही. पण खंजिरी ज्याच्या हाती असेल त्याच्या जातीचे वाद्य ती राहिली नाही. पाटलाच्या मुलाने ती वाजवली आणि मजुराच्या मुलानेही. वाद्याला चिकटलेली जात सुटली, हे या चळवळीचे काम मला भजनांच्या संख्येपेक्षा मोठे वाटते.

स्त्रियांच्या मंडळांचेही असेच. रोवणीची गाणी बायकांचीच होती, पण बांधीत. गावाच्या मधोमध बसून पेटी पुढ्यात घेण्याची मुभा त्यांना नव्हती. महिला भजनी मंडळे निघाली तेव्हा सुरुवातीला पेटीला एखादा पुरुष लागे, आता बहुतेक ठिकाणी लागत नाही. यांच्या बैठका दुपारच्या. बिड्या वळून झाल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधीचा तास-दीड तास. त्याच बायका बचत गटात असतात, त्याच ग्रामसभेला जातात आणि गावातले दारूचे दुकान बंद करायचा ठराव आला तर त्याच पुढे होतात. शेजारच्या गडचिरोलीत १९९३मध्ये दारूबंदी झाली तिच्यामागे अशाच गावागावांतल्या बायकांचा रेटा होता. दारूविरुद्धचे भजन पुरुषांच्या मंडळात उपदेश असतो. तेच भजन ज्यांच्या घरात रोज बाटली येते त्या बायका गातात, तेव्हा ती तक्रार असते, नाव न घेता केलेली, आणि ऐकणाऱ्याला ती नेमकी कुणाची ते कळते.

मंडळाचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत येत नाही. गावात मृत्यू झाला की मंडळाला निरोप जातो. नातेवाईक गोळा होईपर्यंतची रात्र काढायची असते. मंडळ येते, अंगणात बसते आणि गाते. तिथे कुणी चांगले गातो की वाईट, याकडे कुणाचे लक्ष नसते. ठेका संथ असतो. घरातल्या माणसांना रडायला आणि मध्येच थांबायला त्या आवाजाचा आडोसा होतो. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेपुढे भजन चालते, पुढे तेरवीलाही. ज्या घराने कधी वर्गणी दिली नाही तिथेही मंडळ जाते. अंत्यसंस्कार साधे आणि सामुदायिक असावेत, हा 'ग्रामगीते'तला विचार या रात्रींनी जेवढा पाळला, तेवढा दुसऱ्या कशानेच पाळला नसेल. शहरात गेलेली मुले बापाच्या मृत्यूला येतात, मंडळ आधीच अंगणात बसलेले बघतात आणि या माणसांशी आपले काय नाते आहे ते त्यांना त्या रात्री कळते.

गाण्यावर उभी असलेली ही चळवळ आपला सर्वांत मोठा दिवस मौनाने पाळते. आश्विन वद्य पंचमीला मोझरीला लाखो माणसे जमतात आणि महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, सगळे स्तब्ध उभे राहतात. गोंदियाच्या गावांतही त्या सुमारास पुण्यतिथी होते. पहाटे रामधून निघते, भगव्या टोप्या घातलेली मंडळी गल्ल्या झाडत आणि गात फिरतात, संध्याकाळी मौन, मग भजन. शेतात हलका धान पिवळा पडत असतो आणि दोन-चार दिवसांत विळे बाहेर निघणार असतात.

आताच्या दिवसांकडे वळू. मंडळे कमी झाली, तरुण येत नाहीत, अशी ओरड सगळीकडे आहे. तरुण नागपूर-पुण्याला गेले आहेत, हे तिचे निम्मे उत्तर. मिरवणुकीत आता धुमाल आणि डीजे असतो. धुमाल वाजवणारी पोरे मेहनती आहेत, त्यांचे ते पोट आहे, आणि त्यांना नावे ठेवून भजन वाचणार नाही. मला काळजी वाटते ती स्पर्धांची. हिवाळ्यात गावोगावी खंजिरी भजन स्पर्धा होतात, पुरुष, महिला आणि बाल असे गट, रोख बक्षिसे, परीक्षक सूर-ताल-शब्दोच्चाराला गुण देतात. स्पर्धेने वाजवण्याची पातळी उंचावली यात शंका नाही. बाल गटांमुळे कितीतरी मुलांच्या हाती खंजिरी आली. पण जिंकण्यासाठी दुसऱ्या गावचा तबलजी आणणे सुरू झाले, पाच जणांचा निवडक संच झाला आणि उरलेले दहा घरी बसले. इंग्लंडच्या बँडांनी हेच भोगले. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३पासून बँडांच्या स्पर्धा भरू लागल्या, त्यांत उसने वादक आणण्याची चढाओढ लागली आणि शेवटी कोण कोणत्या बँडचा हे नोंदवून ठेवण्याचे नियम करावे लागले. आपल्याकडे नियम करायला महासंघ नको, आयोजकांनी एवढे ठरवले तरी पुरे: सगळे सभासद त्याच गावचे हवेत, आणि मंडळाची वर्षभराची बैठक चालू आहे असे गावच्या दोन माणसांनी सांगितले पाहिजे. बेसूर झिलकऱ्याला घेऊन आलेल्या मंडळाला गुण कापू नयेत. तो झिलकरी आहे म्हणूनच ते मंडळ आहे.

सरकारचे लक्षही इकडे वळले आहे. २०२५च्या गणेशोत्सवात राज्य शासनाने १,८०० भजनी मंडळांना वाद्यखरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रुपये, म्हणजे एकूण साडेचार कोटी, देण्याचे ठरवले. त्यात एक बरी पेटी येते आणि तबल्याची जोडी येते. ज्या मंडळाच्या पेटीचा भाता वर्षानुवर्षे चिकटपट्टीवर चालला आहे, त्यांच्यासाठी ही मदत खरी आहे. फक्त अर्ज भरणे ज्यांना जमते त्यांनाच अशी मदत मिळते, आणि दुर्गम देवरी-सालेकशाकडच्या मंडळांना ते सहसा जमत नाही. तिथे अशा वेळी ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाने किंवा शाळेच्या गुरुजींनी अर्ध्या तासाचे काम केले, तर वीस वर्षे टिकणारी पेटी येईल.

राहिला प्रश्न या संगीताच्या नोंदीचा. महाराजांची भजने छापील आहेत, त्यांना धोका नाही. चाली मात्र छापलेल्या नाहीत. एकच भजन तिरोड्याकडे एका चालीत आणि अर्जुनी मोरगावकडे दुसऱ्या चालीत ऐकू येते, आणि त्या चाली गावातल्याच कुणी तरी बांधलेल्या असतात. प्रत्येक मंडळाकडे भजनांची वही आहे, कडा मळलेली, दोन-तीन पिढ्यांच्या अक्षरांतली. तिच्यात शब्द आहेत, चालीचा पत्ता नाही. हे लिहिणे अवघड नाही. वहीच्या समासात प्रत्येक भजनापुढे तीन गोष्टी घालाव्यात: चाल कुणाकडून आली, कोणत्या गावाहून आली, आपल्याकडे ती पहिल्यांदा कुणी गायली. मग मोबाइलवर ती चाल एकदा गाऊन ध्वनिमुद्रित करावी आणि वहीची प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. ज्यांना हे सांगता येईल अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून हे काम पुढच्या मंडईपर्यंत न ठेवता याच गुरुवारी बैठक संपल्यावर, चहा येईपर्यंत, पहिल्या भजनापासून सुरू करावे.